पॉसम आणि पंचसूना

आमच्या परसातल्या झाडावर सोललेली लिंबं लटकत असतात. साल तेवढी कुरतडून खाल्लेली, आतला पांढरा गोळा देठाला तसाच. मेलबर्नला येऊन 19 वर्षं झाली, तेव्हापासून हे बघते आहे. देवासाठी लावलेल्या गुलाबाच्या कळ्याही पहाटेपर्यंत उरत नाहीत. खाणारी पॉसमची मादी आमच्याच छपराखाली राहायची. मांजराएवढी, झुपकेदार शेपटीची, गुलाबी नाकाची. पिल्लू चार-पाच महिने पोटाच्या पिशवीत, मग पाठीवर. पहिल्या रात्री तिची घशातली खरखर ऐकून छपरावर माणूस चढलाय असं वाटलं आणि मी ह्यांना उठवलं होतं.

वाईला आमचे बाबा उंदीर पिंजऱ्यात धरत आणि कृष्णेपलीकडे नेऊन सोडत. मारायचा नाही, हा घरचा दंडक. म्हणून इथे एक माणूस जेव्हा म्हणाला, "पकडून लांब रानात सोडून येतो," तेव्हा मला बरंच वाटलं. मग चौकशी केली. व्हिक्टोरियात, म्हणजे आमच्या राज्यात, तो गुन्हा आहे. पॉसमला कायद्याचं संरक्षण आहे; पकडलाच तर 50 मीटरच्या आत, त्याच आवारात, सूर्यास्तानंतर सोडायचा. कारण प्रत्येकाची हद्द ठरलेली असते आणि परक्या हद्दीत सोडलेला पॉसम बहुतेकदा जगत नाही. हे कळलं आणि बाबांचा पिंजरा आठवला. नदीपलीकडे त्या उंदरांचं पुढे काय झालं, हे आम्ही कुणी कधी विचारलं नव्हतं. आपल्या हातून मेला नाही, एवढ्यावर आमची अहिंसा संपत होती.

माझी भाची न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला असते. अंडंसुद्धा खात नाही. आणि दर शनिवारी शेजाऱ्यांबरोबर टेकडीवर जाऊन सापळ्यात मेलेले उंदीर आणि पॉसम बाहेर काढते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फोनवर तिच्यावर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "आत्या, तुझ्याकडे पॉसम घरचा आहे. इथे त्याला माणसांनी आणलं."

खरं आहे ते. 1837 साली पहिल्यांदा आणि मग 1858 मध्ये, कातडीच्या धंद्यासाठी, पॉसम ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला नेले. माणूस पोचण्याआधी त्या भूमीवर वटवाघळं सोडली तर सस्तन प्राणी नव्हतेच. तिथल्या राता आणि कामाही झाडांना पाला ओरबाडणाऱ्या अशा प्राण्याची सवय नव्हती, केरेरू ह्या रानकबुतराला अंडी चोरणाऱ्या अशा प्राण्याची नव्हती. 2050 पर्यंत पॉसम, उंदीर आणि मुंगसासारखे शिकारी स्टोट देशातून नाहीसे करायचे, असं तिथल्या सरकारने 2016 साली जाहीर केलं. भाची म्हणाली, "पॉसमला सोडलं की केरेरूचं पिल्लू गेलं. मी काहीच केलं नाही, तरी कुणीतरी मरणारच."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कित्येक दिवस अस्वस्थ होते. मग आठवली आजोबांनी सांगितलेली पंचसूना. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर, ही घरातली पाच वधस्थानं. रोज तिथे जीव मरतात. संसार करायचा तर ते टळत नाही. म्हणून आजोबा वैश्वदेव केल्याशिवाय जेवत नसत आणि आजी गोग्रास काढून ठेवी. मला ह्यातला प्रामाणिकपणा मोठा वाटतो. "माझ्या हातून हिंसा होत नाही," असं म्हणायची इथे कुणालाच मुभा नाही. ती होते, तिला हिंसाच म्हणायचं आणि तिचं देणं रोज फेडत राहायचं.

भाचीचा सापळा ही सहावी सूना आहे. तिला मी पाप म्हणणार नाही. पण पुण्यही म्हणू देणार नाही. न्यूझीलंडमध्ये शाळांच्या निधीसाठी पॉसमची शिकार भरवल्याच्या, मेलेल्या पॉसमना कपडे घालून स्पर्धा लावल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत. तिथे माझा जीव कळवळतो. मारणं आणि आदर एकत्र राहू शकतात. मेलबर्नच्या संग्रहालयात गुंडिचमारा लोकांनी 1872 साली केलेली पॉसमच्या कातड्यांची शाल आहे. इथल्या आदिवासींमध्ये बाळ अशा शालीत गुंडाळत, ते वाढेल तशी कातडी जोडत जात आणि शेवटी माणसाला त्याच शालीत पुरत. मारत तेही होते. पण मेलेल्या प्राण्याला जन्मभर अंगावर वागवत होते.

आम्ही झाडावर लाकडी खोकं टांगलं, रात्री मादी चरायला गेल्यावर छपराचं भोक बुजवलं. आता ती खोक्यात राहते. कळ्या अजून खाते. देवाला मी तुळस वाहते.

न्यूझीलंडमधल्या मराठी आईबापांना एवढीच विनवणी आहे. मुलांना सापळे दाखवायला जरूर न्या, पॉसम तिथे कसा आला तेही सांगा. पण लोक मेलेल्याला टोपी घालून हसू लागले, तर मुलांना तिथून घरी आणा.