पिशवीतील दोन दगड

(शास्त्रभाग : अनुवाद 25:13-19)



अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायाच्या अखेरीस व्यापाऱ्याच्या पिशवीविषयी एक आज्ञा आहे. एकाच पिशवीत लहान व मोठी अशी दुहेरी वजने बाळगू नयेत, असा तिचा आशय. भाषांतरात आपण 'वजन' म्हणतो; मूळ इब्री शब्द मात्र 'एबेन', म्हणजे साधा दगड. तेथे शब्दशः 'दगड आणि दगड' एवढेच लिहिले आहे. घेताना जड दगड, देताना हलका. दोन्ही एकाच कमरेला बांधलेले, आणि कोणता केव्हा बाहेर काढावयाचा हे केवळ धन्याच्या बोटांना ठाऊक!

आपल्याकडे तराजूची पारडी सम नसली की हलक्या बाजूस खडा बांधतात, त्याला पासंग म्हणतात. पासंग उघड दिसतो व तराजूचा दोष दूर करतो. पिशवीतील दुसरा दगड दोष निर्माण करतो आणि लपून राहतो. 'मापात पाप' हे आपल्या बाजारात सर्रास ऐकू येणारे शब्द या आज्ञेचे अर्धे भाष्यच होत.

ज्या दगडांविषयी नियमशास्त्र बोलते, ते पुढे उत्खननात हाती आले. ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकांतील यहूदाच्या अवशेषांत चुनखडीची घुमटाकार वजने सापडली आहेत. शेकेल सुमारे 11.3 ग्रॅमचा भरतो. त्यांतील काहींवर 'पीम' हा शब्द कोरलेला आहे. येथे भाषांतरकार म्हणून थोडे विषयांतर करतो. हा शब्द सबंध शास्त्रात एकदाच, 1 शमुवेल 13:21 येथे येतो, आणि शतकानुशतके त्याचा अर्थ कोणालाच नीट लागत नव्हता. जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या ठिकाणी 'कानस' असा तर्क केलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे कोरीव दगड मिळाले, तेव्हा उलगडा झाला, की पीम हे शेकेलाच्या सुमारे दोन-तृतीयांश भाराचे वजन असून पलिष्टी लोहार इस्राएलांची अवजारे पाजळण्याबद्दल तेवढी चांदी घेत असत. पंडितांचे तर्क मागे पडले. मुठीत मावणाऱ्या एका दगडाने खरे सांगितले. ते सांगणे त्याला शक्य झाले, कारण त्यावर कोरलेले नाव आणि त्याचे वजन यांत अंतर नव्हते.

पंधराव्या वचनात योग्य वजनाला 'शेलेमा' हे विशेषण आहे: अखंड, पूर्ण. 'शालोम' म्हणजे शांती, हा शब्द त्याच धातूपासून येतो. ईयोबाला मराठी शास्त्रात 'सात्त्विक' म्हटले आहे. तेथील इब्री 'ताम' या शब्दाचाही मूळ भाव पूर्ण, अव्यंग असाच आहे. मराठीत आपण 'प्रामाणिक' म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा चोरी न करणारा माणूस येतो. इब्री शब्द त्याहून खोल जातात. ज्याचे दोन तुकडे झालेले नाहीत, देवळातला एक आणि दुकानातला दुसरा असे ज्याचे नाही, तो. लेवीय 19:36 मध्ये तर परमेश्वर तराजूच्या नियमाखाली आपली ओळख सही केल्यासारखी देतो: तुम्हांला मिसर देशातून बाहेर आणणारा तो मीच. दाण्याच्या मापाचा आणि लाल समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. ज्याला गुलामगिरीत नागवले गेले आणि तेथून फुकट सोडवले गेले, त्याने दुसऱ्याला मापात नागवू नये, हा तो संबंध.

बंगळूरच्या उत्तरेस हेब्बाळ येथे 2018 साली असाच एक कोरीव दगड उजेडात आला. तो वीरगळ आहे. सुमारे इसवी सन 750 चा, गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतला; त्या शहरात सापडलेल्या कन्नड लेखांत सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. राष्ट्रकूटांच्या स्वारीत लढताना पडलेला कित्तय्या नावाचा पुरुष त्यावर नोंदलेला आहे. त्याचे ग्रामस्थ गेले, राजवटी गेल्या, शहाजीराजांची जहागीर आली आणि गेली, 2008 मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाल्यावर हेब्बाळचा रस्ता वाहनांनी भरून गेला. दगडावरचे नाव मात्र एकच राहिले. कित्तय्या ख्रिस्ती नव्हता आणि त्याच्या युद्धाचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु नोकरीच्या निमित्ताने या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांना त्या दगडाशेजारून जाताना एक प्रश्न पडावा, असे वाटते. आपली नावे किती आहेत?

घराच्या खरेदीखतात एक किंमत आणि हातात दिलेली दुसरी. न राहिलेल्या खोलीच्या भाड्याची पावती. न घेतलेल्या औषधाचे बिल. या गोष्टींबद्दल लांबण लावीत नाही. त्या चूक आहेत हे करणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि सगळेच करतात हे उत्तर पिशवीतल्या दुसऱ्या दगडाइतकेच जुने आहे.

एक गोष्ट मात्र इतकी सोपी नाही, आणि आपल्या व्यासपीठांवरून ती सहसा उच्चारली जात नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा, अशी घरे आपल्या मंडळ्यांत आहेत. कारण सर्वांना माहीत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. त्यांत 1956 मध्ये शिखांचा व 1990 मध्ये बौद्धांचा समावेश झाला; ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली. 2022 मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की जी व्यक्ती प्रत्यक्षात ख्रिस्ती म्हणून जगते, तिला केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही.

याबाबत माझे मत स्पष्ट मांडतो. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही. शेजारी तेच राहतात, अपमान तोच राहतो, आणि सवलत तेवढी जाते. शासनाच्याच पिशवीत येथे दोन दगड आहेत. मंडळीच्या पिशवीतही आहेत: वार्षिक अहवालात सभासदसंख्या फुगवताना आपण या कुटुंबाला मोजतो, सोयरीक जुळवताना मोजत नाही. म्हणून सुस्थितीतल्या, आरक्षणाची कधी गरज न पडलेल्या ख्रिस्ती माणसाने या घरांकडे बोट दाखवावे, हे मला सहन होत नाही.

तरीही त्या मुलाला 'लिही काहीही' असे सांगणे मला जमणार नाही. सवलत गमावणे हे मोठे नुकसान आहे. आयुष्यभर आपला प्रभू दाखल्यातून वगळून जगणे, कार्यालयात कोणी क्रूस पाहील म्हणून तो सदऱ्याआड ढकलणे, ही त्याहून मोठी झीज आहे. ती सावकाश होते म्हणून जाणवत नाही. परमेश्वराच्या डोंगरावर कोण राहील, या प्रश्नाला पंधराव्या स्तोत्राने जी उत्तरे दिली आहेत, त्यांत स्वतःचे अहित झाले तरी दिलेला शब्द न फिरवणारा माणूस आहे. अहित होते, हे स्तोत्रकर्त्याने लपवलेले नाही. मग ते अहित कोणी सोसावे? त्या एकट्यानेच?

अनुवादात वजनाच्या आज्ञेला लागूनच अमालेकाची आठवण येते. यहूदी भाष्यकारांनी हे दोन भाग पूर्वीपासून एकत्र वाचले आहेत. अमालेकाने वाटेत थकून मागे पडलेल्या दुबळ्यांना गाठून मारले. त्या लढाईची हकिकत निर्गमाच्या सतराव्या अध्यायात आहे. मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याच्या खाली एक दगड ठेवला, त्याला बसवले आणि दोन्ही बाजूंनी हात धरून ठेवले. त्यामुळे सूर्यास्तापर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. या 'स्थिर' साठी इब्रीत 'एमुना' शब्द आहे. हबक्कूकाचा नीतिमान ज्याने जगतो तो हाच शब्द, आणि आपण त्याचे भाषांतर विश्वास किंवा विश्वासूपणा असे करतो. शास्त्रात हा शब्द पहिल्यांदा येतो तो येथे, दोघांनी आधार दिलेल्या एका म्हाताऱ्याच्या थकलेल्या हातांविषयी.

देवाच्या मंदिराच्या दुरुस्तीचा पैसा ज्यांच्या हाती दिला त्यांच्याकडून योवाशाच्या काळी हिशोब घेतला जात नसे, कारण ते एमुनाने वागत (2 राजे 12:15). पौलाने मात्र यरुशलेमेच्या वर्गणीसोबत साक्षीदार म्हणून बंधू पाठवले, कोणाला दोष द्यायला जागा राहू नये म्हणून (2 करिंथ 8:20-21). आपल्या मंडळ्यांचे खजिनदार पहिल्या वचनाचा आधार घेतात. त्यांनी दुसरेही वाचावे, आणि हिशोबाचे कागद सूचनाफलकावर लावावेत.

त्या कागदांवर घंटेची दुरुस्ती असते, नाताळची रोषणाई असते, पाहुण्यांच्या भोजनाचा खर्च असतो. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. ज्याने अर्जात आपला खरा धर्म लिहिला आणि सवलतीचे शुल्क गमावले, अशा मुलाच्या नावे त्या अंदाजपत्रकात एक ओळ घालावी, असा ठराव पुढील वार्षिक सभेत कोणीतरी मांडावा, आणि अनुमोदनासाठी दुसऱ्या कोणीतरी उभे राहावे.