आठवणीचे माप

स्वस्त घ्यावे की चांगले घ्यावे, या प्रश्नाचा निकाल आपल्या घरांतल्या बायकांनी कधीच लावून टाकलेला आहे. पणत्या स्वस्त घ्याव्यात, तेल चांगले घ्यावे. केरसुणी साधी चालेल, तवा चालणार नाही. या व्यवहारामागे एक तत्त्वज्ञान आहे; पण ते कोणी लिहून ठेवलेले नाही, आणि म्हणून बाजारात नवी वस्तू आली की आपली पंचाईत होते. डिजिटल कॅमेऱ्यात घालायचे मेमरी कार्ड ही अशीच एक वस्तू. ती पणतीच्या जातीची की तेलाच्या, हे ठरवताना माझी एक अख्खी सुट्टी खर्ची पडली.

निमित्त शाळेचे होते. एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना कॅमेरा शाळेला दिला. कार्ड मात्र त्याने आपल्या आठवणींसह काढून घेतले होते, आणि ते योग्यच झाले. मुख्याध्यापकांनी माझ्या हातावर हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, "बाई, स्नेहसंमेलनाच्या आत कार्ड आणा. उरतील ते परत करा." आमच्या शाळेत 'उरतील ते परत करा' हे वाक्य प्रार्थनेइतकेच नित्याचे आहे. फोन असताना कॅमेरा कशाला, असे विचारणारेही भेटले. मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही आणि फोटो तर त्यांनीच काढायचे, एवढेच त्याला उत्तर.

कार्ड म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढा एक काळा तुकडा. बत्तीस मिलिमीटर उंच, चोवीस रुंद. १९९९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून तो प्रथम घडवला. त्याच्या अंगावर इतके आकडे आणि अक्षरे छापलेली असतात, की पंचांग वाचणे त्यापेक्षा सोपे. त्यातला सर्वांत मोठ्या अक्षरांतला वेगाचा आकडा बहुधा कार्डावरून वाचण्याचा असतो. कॅमेऱ्याला गरज असते ती लिहिण्याच्या वेगाची, आणि तो बिचारा एका छोट्या वर्तुळात १० म्हणून किंवा व्ही३० म्हणून कोपऱ्यात बसलेला असतो. साध्या स्थिर चित्रांना दहाचा वेग पुरतो. मोठ्या आकाराचे चलच्चित्र घ्यायचे असेल तर तीसचा हवा. जुन्या कॅमेऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतले पुष्कळसे ३२ जीबीच्या वरचे कार्ड ओळखतच नाहीत. आमचा कॅमेरा त्यांतलाच निघाला, आणि माझा अर्धा गोंधळ त्याच्या म्हातारपणाने मिटवला. बत्तीस जीबीचे कार्ड संगणकात घातले की ते एकोणतीस आणि काही दशांश दाखवते, ही मात्र लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या हिशेबाने मोजतो, संगणक एक हजार चोवीसच्या. आपल्या आजोबांच्या वेळी कच्चा शेर आणि पक्का शेर नव्हता का? तसेच हे.

माझे विज्ञान दहावीच्या पुस्तकापाशी थांबते. तरी एक गोष्ट मी समजून घेतली, कारण तिच्यावाचून स्वस्ताईचे कोडे उलगडेना. या कार्डात फिरणारे काही नाही, चुंबक नाही, शाई नाही. अतिसूक्ष्म कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात विद्युतभार कोंडून ठेवलेला आहे. पहिल्या काळच्या कप्प्यात भार आहे किंवा नाही, एवढेच पाहायचे. तांब्या भरलेला आहे की रिकामा, हे लांबूनही कळते, तसे. पुढे त्याच तांब्याला आतून रेघा आखल्या. आजच्या बहुतेक स्वस्त कार्डांत एका कप्प्यात आठ पायऱ्या मोजतात. तितक्याच जागेत तिप्पट माहिती मावली आणि किंमत उतरली. पण पाणी थोडे जरी झिरपले तरी पाचव्या रेघेचे चौथ्या रेघेवर येणार, म्हणून आत एक हिशेबनीस बसवावा लागतो आणि तो चुका दुरुस्त करीत राहतो. या स्वस्ताईत लाज वाटण्यासारखे काही नाही. गव्हाची भाकरी परवडत नाही म्हणून ज्वारीची खाल्ली, इतकेच.

दुसरी एक स्वस्ताई आहे, आणि माझा प्रश्न तिच्यापासून सुरू होतो.

आमच्या गावात माझाच एक विद्यार्थी लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा कर्जाचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने कुठूनसे १२८ जीबीचे कार्ड बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाने मिळवले. एका लग्नात दोन दिवस त्यावर फोटो घेतले. प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या पाठीवर क्षणभर उमटून दिसला, म्हणून त्याला शंका आली नाही. घरी येऊन संगणकाला जोडले तर सर्व नावे ओळीने हजर. पहिले हजारभर फोटो उत्तम उघडले. हळद होती, सीमांतपूजन होते. पुढच्या नावांवर बोट ठेवले की काहीच उघडेना. अंतरपाट नाही, सप्तपदी नाही, आणि नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायला खाटेवरून उठवून आणलेली आजी नाही. ती आजी त्याच महिन्यात गेली.

झाले होते ते असे. कार्डात खरी जागा होती सुमारे ८ जीबी. आतल्या त्या हिशेबनिसालाच १२८ सांगायला शिकवलेले होते. फोटोंच्या नावांची यादी कार्डाच्या आरंभीच्या भागात राहते, म्हणून ती शाबूत. नावांमागचा ऐवज मात्र गेला. खोटी मापे आपण पुष्कळ पाहिली आहेत. दुकानदाराचे मापटे आतून उंच बुडाचे असते आणि तो आपल्याला कमी घालतो. तेथे नुकसान धान्याचे, आणि घरी येऊन मोजले की कळते. येथे धान्य आपणच ओततो आणि रांजणाला खाली बूड नसते. कळेपर्यंत सुगी संपलेली असते. पुन्हा पेरा असे म्हणण्याची सोय नाही, कारण ती अक्षता एकदाच पडली.

त्या मुलाला गावाने लोभी ठरवले. मला ते पटले नाही. गरिबाने स्वस्त घेतले की तो लोभ, आणि बंगलेवाल्याने घासाघीस केली की ते व्यवहारचातुर्य, हा आपला न्याय मला शाळेत आल्या दिवसापासून टोचतो आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाने तिसऱ्या हिश्शाच्या किमतीकडे पाठ फिरवावी, असे सांगायला पोट भरलेले असावे लागते. आणि तरीही मी त्याला सर्वस्वी निर्दोष म्हणू शकत नाही. ते फोटो त्याचे नव्हते. सोनाराकडे आपण पाटल्या देतो तेव्हा त्या घडेपर्यंत त्याच्याकडे ठेव असतात, आणि ठेव सांभाळणाऱ्याला आपल्या पेटीचे कुलूप ओढून पाहावेच लागते. स्वतःच्या आठवणींचा जुगार माणसाने खुशाल खेळावा. मी माझ्या सहलीचे फोटो कोणत्याही कार्डावर घेईन. परंतु दुसऱ्याच्या आजीचा चेहरा ज्याच्या हाती सोपवलेला आहे, त्याने कार्ड स्वस्त घेतले याला माझी हरकत नाही. ते न तपासता घेतले याला आहे.

आणि तपासायला पैसे लागत नाहीत, ही या प्रकरणातली मला सर्वांत हळहळ लावणारी बाब. एफ-थ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू अशा विचित्र नावांचे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि भरलेले पुन्हा वाचून पडताळतात. नव्या मडक्यात रात्रभर पाणी भरून ठेवतात, त्यातलाच प्रकार. एक संध्याकाळ जाते. त्या मुलाला हे कोणी सांगितले नव्हते. लग्नाचे पैसे त्याने परत केले. मुलीच्या आईने ते घेतले नाहीत, पण पुढे दोघांत बोलणे राहिले नाही.

मी शेवटी बत्तीस जीबीची दोन साधी कार्डे घेतली, पावती देणाऱ्या दुकानातून, आणि दोन्ही काठोकाठ भरून पाहिली. एकच असते तर थोडे पैसे वाचले असते. पण शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवीत नाही, हे आमचे मुख्याध्यापक शेतकऱ्याच्या घरचे असल्यामुळे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

दोन्हींची मिळून जागा म्हणजे साधारण सहा-सात हजार फोटो. आमच्या गणिताच्या सरांना हे अपुरे वाटले. त्यांचे म्हणणे, जागा स्वस्त झाली असताना निवडायचे कशाला, सगळेच ठेवा. माझ्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. बारावा उरला की घरात सल्लामसलत चाले. तो काळ परत यावा असे मला मुळीच वाटत नाही; त्या बारांत कामवाल्या मावशींचा फोटो कधी आला नाही, हेही मला आठवते. चणचण असली की निवड होते, आणि निवड होते तेव्हा कोणाला वगळले जाते हे सर्वांनाच ठाऊक असते. सरांच्या बोलण्यात एवढे तथ्य आहेच. पण सात हजार फोटो कोणी पाहत नाही, आणि न पाहिलेल्या फोटोत मावशी असल्या काय, नसल्या काय! मी कादंबऱ्या लिहिते. कापलेली पाने मला रडवतात, तरी कापते. या कार्डांच्या जातीला जे फ्लॅश नाव पडले तेही पुसण्यावरूनच. तोशिबात फुजिओ मासुओका यांनी हे तंत्र १९८०च्या दशकात काढले, तेव्हा सगळे एका झटक्यात पुसले जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला म्हणतात.

आमच्या शाळेत आता असा रिवाज आहे. कार्यक्रम झाला की फोटो संगणकावर उतरवायचे, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी, मग कार्ड पुसायचे. कोणते छापून वहीत लावायचे ते सातवीची मुले ठरवतात. या वर्षी एका मुलीचा फोटो मी बाजूला काढला. तिचे डोळे मिटलेले होते. तीच हट्टाने म्हणाली, "बाई, तो राहू दे. मागे पडदा ओढताना शिपाईमामा दिसताहेत. त्यांचा दुसरा नाहीये." सर्व फोटो पुन्हा पाहिले. खरोखरच नव्हता.