डावा पाय

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला अजून दोन दिवस आहेत. सुरतच्या बमरोलीतली यंत्रमागांची खाती बंद आहेत. एरवी इथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघत बोलतात. मागांचा खडखडाट कानात इतका मुरलेला असतो, की तो आहे हेसुद्धा जाणवत नाही. आज तो थांबलाय, म्हणून कळतंय की तो होता. शेजारपाजारचे बरेच जण गावाहून परतायचे आहेत. तुम्ही जरा आधीच आलात, कारण गाडीचा भरवसा वाटेना.

गाडी गल्लीच्या तोंडाशी सपाट जागेवर उभी आहे. दार उघडा, आत बसा, काच खाली करा. चावी फिरवू नका. दोन-चार श्वास होईपर्यंत काहीच करू नका.

मग आठवा. जाताना नवापूर मागे पडलं, विसरवाडी गेली आणि कोंडाईबारीचा घाट लागला. गाडीत पाच माणसं, डिकीत साड्या आणि फरसाणाचे डबे. चढावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबलात. इंजिन ओरडलं, गाडी मात्र होती त्याच चालीनं चढत राहिली. मग तो वास आला, जळक्या कागदासारखा, नाकात चिकटून राहणारा. मागून कुणीतरी विचारलं, "काय व्हयनं भाऊ?" तुम्ही म्हणालात, "काही नाही."

त्या 'काही नाही'जवळ आज थोडा वेळ बसायचं आहे.

•

डोळे मिटा आणि बॉनेटखाली काय आहे ते मनात आणा. गाडी जागेवर उभी असताना इंजिनचा दांडा मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला तेरा. चाकं मात्र स्थिर. एकीकडे आठशे, दुसरीकडे शून्य. ही दोन टोकं एकदम जोडली, तर गाडी हिसका खाऊन बंद पडते. त्यांची गाठ हळूच घालून देते ती क्लच प्लेट. लहान ताटलीएवढी चकती, दोन्ही अंगांना घर्षणाचा थर. तिच्या एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट. पोलादी पाकळ्यांची एक स्प्रिंग त्या प्रेशर प्लेटला मागून सतत रेटत असते.

सतत, हा शब्द जरा धरून ठेवा. तुम्ही काहीच करत नसता तेव्हा क्लच धरलेला असतो. धरणं हा त्याचा स्वभाव आहे. सोडवायला मात्र जोर लावावा लागतो. पॅडल पायाखाली १२ ते १५ सेंटिमीटर जातं, तेव्हा पलीकडे प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर मागे सरते. तेवढी फट पुरते. इंजिन फिरत राहतं आणि चाकं त्याच्यापासून सुटतात.

मागावर काम केलेल्या माणसाला हे नवीन नाही. जुन्या यंत्रमागाला शेजारी शेजारी दोन पुल्या असत, एक दांड्याला घट्ट बसवलेली, एक मोकळी. मूठ ओढली की पट्टा मोकळीवरून घट्ट पुलीवर सरके आणि माग चालू लागे. आडवा धागा तुटला की एक बारीक काटा ते ओळखे, मूठ आपोआप सुटे आणि पट्टा पुन्हा मोकळ्या पुलीवर जाई. वरचा शाफ्ट फिरतच राही, फक्त तो एक माग थांबे. कापड वाचे.

वेळेवर सुटता आलं, म्हणून कापड वाचलं. एवढं मनात राहू द्या.

•

आता गाडीला चार गोष्टी विचारू. एका वेळी एकच.

पहिला प्रश्न पायाला. इंजिन बंदच असू द्या. पॅडल अगदी सावकाश दाबा. सुरुवातीला ते थोडं मोकळं जातं का? मिस्त्री त्याला 'प्ले' म्हणतात. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी लहान गाड्यांत क्लचला केबल असते, आणि त्या केबलला थोडी ढील लागते. ढील मुळीच नसेल तर पाय काढल्यावरही प्लेट सोडवणारं रिलीज बेअरिंग स्प्रिंगला दाबत राहतं आणि प्लेट कधीच पुरती पकडली जात नाही. ढील फार असेल तर ती कधीच पुरती सुटत नाही. तुमच्या गाडीत केबलऐवजी ऑइल असेल, तर पाय वेगळं सांगेल. पॅडल स्पंजासारखं लागलं, दोन-तीनदा मारल्यावरच कडक झालं, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतोय. खाली वाका, पॅडलच्या मागे बोट फिरवा. ओलं लागतंय का?

दुसरा प्रश्न कानाला. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये आणा आणि चावी फिरवा. एरवी बमरोलीत हे ऐकू आलं नसतं. पॅडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल, तर बोट रिलीज बेअरिंगकडे जातं. पाय वर असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग तपासायला हवं. जागा जवळजवळ एकच, दुखणी दोन. पाय खाली, पाय वर. पुन्हा एकदा ऐका.

तिसरा प्रश्न हाताला. क्लच पूर्ण दाबा, मनात तीन आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. गिअर निमूट बसला तर क्लच सुटतोय. दात घासल्यासारखी घर्र आली तर तो धरून बसलाय. सोडायला सांगूनही पुरतं सोडत नाही.

चौथा प्रश्न घाटातला आहे, म्हणून तो शेवटी. पुढे मोकळी जागा आहे ना, कुणी उभं नाही ना, बघा. चाकांना विटा लावा, हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेक दाबून ठेवा. तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. धडधाकट क्लच इंजिनला लगेच बंद पाडतो. इंजिन आरामात चालूच राहिलं, तर प्लेट घसरते आहे. हे एकदाच करा. पुन्हा पुन्हा केलं तर परीक्षेतच प्लेट जळेल.

इंजिन बंद पडलं नाही. घाटात जे दिसलं होतं तेच पुन्हा दिसलं. चावी बंद करा.

•

मन आता घाईनं म्हणेल, "प्लेट गेली, बदलून टाकू." त्याला म्हणू द्या. आणि लगेच विचारा, "का गेली?"

वय झालं असेल. थर झिजत झिजत रिव्हेटच्या डोक्यापर्यंत आला असेल. केबलची ढील कुणी कधी पाहिलीच नसेल. स्प्रिंग थकली असेल. किंवा प्लेटचा काहीच दोष नसेल, इंजिनच्या मागचं ऑइल सील पाझरत असेल आणि थेंब थेंब तेल त्या कोरड्या जागेत उतरत असेल. तसं असेल आणि नुसती प्लेट बदलली, तर काही महिन्यांत तोच वास परत येईल. आणि तुम्ही नव्या प्लेटला नावं ठेवाल.

मिस्त्रीकडे जा, पण नुसतं 'क्लच टाका' म्हणू नका. गिअरबॉक्स उतरवताना जवळ बसा. गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली पक्के स्टँड हवेत. आतली काळी धूळ हवेच्या पाइपनं उडवू देऊ नका. जुन्या प्लेटच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसलेलं बरं. प्लेट हातात घ्या. रिव्हेटच्या वर थर किती उरलाय ते बोटाच्या टोकानं पाहा. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आला, की बहुतेक गाड्यांत तिचे दिवस भरले. मग फ्लायव्हीलकडे बघा. त्यावर निळसर डाग आहेत? कोंडाईबारीचा चढ तिथे उमटलाय. डाग खोल नसतील तर लेथवर घासून पृष्ठभाग सारखा होतो, तडे असतील तर बदलावंच लागतं.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच घालतात, कारण खर्च सामानाइतकाच गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. सील ओलं असेल तर तेही आत्ताच. नवी प्लेट मधोमध बसावी म्हणून मिस्त्री एक दांडी आरपार घालतो, मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळतो. एकाच बाजूचे आधी आवळले तर प्रेशर प्लेट वाकडी बसते. त्याचे हात बघा. एक इथला, एक तिथला, पुन्हा पहिला.

•

काम चालू राहू द्या. जुनी प्लेट अजून तुमच्या मांडीवरच्या कागदावर आहे. तिच्याकडे बघत बसा.

पूर्ण धरलेली असताना ती झिजत नाही. तिच्या दोन्ही बाजू एकाच वेगानं फिरतात, घासायला काही उरतच नाही. पूर्ण सुटलेली असतानाही झिजत नाही. ती झिजते फक्त मधल्या अवस्थेत, हाफ क्लचवर. थोडं धरलंय, थोडं सोडलंय. ही अवस्था वाईट नाही. तिच्याशिवाय कुठलीच गाडी जागची हलली नसती, आणि घाटात उभी राहिलेली गाडी मागे घसरली असती. प्लेट त्याच क्षणांसाठी घडवलेली असते. पण ते क्षण असतात. उधन्याच्या सिग्नलला डावा पाय पॅडलवर तसाच टेकवून बसलात, गर्दीत वारंवार अर्धा क्लच धरून सरकलात, की क्षणांचे तास होतात.

आता गाडी जरा बाजूला ठेवा आणि हळूच स्वतःकडे बघा.

नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली किती घरं या भागात आहेत. वीस-पंचवीस वर्षं झाली, तरी तोंडात एकच वाक्य, "आपल्याला काय, शेवटी गावालाच जायचंय." म्हणून इथल्या भिंतीला रंग लागत नाही. आणि गावच्या घराच्या धाब्यावर पावसाळ्याआधी माती पडत नाही, कारण तिथे राहतंय कोण? दोन्ही घरं गळतात. इथे असताना जीव तिथे, तिथे चार दिवस काढले की खात्याची आठवण. माणूस थकतो आणि म्हणतो, काम फार पडलं. कामानं थोडं थकवलं असेलच. बाकीचं कशानं, ते ही प्लेट दाखवते आहे.

तुमचं असं काय आहे? गाव नसेलही. लावायचा राहिलेला एखादा फोन असेल, मोडलेलं पण न संपवलेलं एखादं नातं, मुलाच्या शाळेचा लांबवलेला निर्णय. उत्तर द्यायची घाई नको. धरावं की सोडावं हे आज ठरवायचं नाही. पाय कुठे टेकलाय, एवढंच पाहायचं.

थांबायचं असेल तेवढं थांबा.

•

मिस्त्री चावी हातात देतो. म्हणतो, पहिले काहीशे किलोमीटर सांभाळून चालवा, नव्या प्लेटला बसायला वेळ लागतो. तुम्ही मान हलवता. जुनी प्लेट तिथेच राहते, भंगारात जाईल. तिनं काही वाईट केलं नाही. गाडी जितक्या वेळा उभ्याची चालती झाली, तितक्या वेळा ती थोडी थोडी खर्ची पडली.

लाभपाचमेला खाती सुरू होतील. पहिला माग चालेल, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत पुन्हा काही ऐकू येणार नाही. तुम्ही गाडी काढाल. पुढच्या सिग्नलला लाल दिवा लागेल. गाडी न्यूट्रलमध्ये आणा. डावा पाय पॅडलवरून पूर्ण उचला आणि खाली ठेवा.

दिवा हिरवा होईपर्यंत तो तिथेच असू द्या.