शिक्का राजाचा, हात कोणाचे?

आजचा शास्त्रपाठ : १ राजे २१:१-१६



नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. अहाब राजाला मळा हवा होता, नाबोथाने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला, मग ईजबेल राणीने त्याचा काटा काढला. दोषी कोण? आपण लगेच राजा-राणीकडे बोट दाखवतो.

आज सकाळी गोकुळ शिरगाव मागे टाकून बस कागल पंचतारांकित एमआयडीसीकडे निघाली, तेव्हा मोबाइलवर वाचताना मी ८ ते १४ या वचनांवर अडकलो. राणीने स्वतः एकही दगड उचलला नाही. तिने राजाच्या शिक्क्याची पत्रं पाठवली, नाबोथाच्याच गावच्या वडीलजनांना. त्यांनी उपास जाहीर केला (हो, उपास! खुनाआधी धार्मिक कार्यक्रम), खोटे साक्षीदार बसवले आणि काम झाल्याचा निरोप धाडला. आमच्या भाषेत, तिकीट क्लोज. ते नाबोथाला रोज बघत असणार. तरी एकानेही "का?" म्हणून विचारलं नाही.

याच कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ मध्ये शाहू महाराज कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. २६ जुलै १९०२ च्या आदेशात त्यांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना द्यायला सांगितल्या. पण मला इंजिनिअर म्हणून आवडते ती त्यातली पुढची अट : प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही अहवाल पाठवायचा. चांगला हुकूमही खालच्या टेबलावर दाबला जातो, हे महाराज ओळखून असावेत.

तिमाही रिपोर्ट माझ्याही टेबलावर असतो. सरकारी तपासणीत दाखवायची हजेरी. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. मागच्या वर्षी वरून सांगितलं म्हणून मी एक फिल्टर लावला आणि कंत्राटी कामगारांचे जादा तास दिसेनासे झाले. दहा मिनिटांचं काम. त्यातला एक जण आमच्याच मंडळीत मागच्या बाकावर बसतो. आणि त्याच वर्षी मी पुढाऱ्यांच्या भ्रष्टाचारावर केवढं बोललो असेन!

फारोचा हुकूम शिप्रा आणि पुवा या सुइणींनाही आला होता (निर्गम १). त्यांनी देवाचं भय धरलं, बाळं जगवली. रोमकरांस १३ पुढे करून गप्प बसणाऱ्यांनी, म्हणजे मी पण, तो अध्यायही उघडावा.

या तिमाहीचा रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा आहे.

प्रार्थना : प्रभू, उद्या साहेबांच्या केबिनमध्ये माझं तोंड उघड. होम लोनचे हप्ते तुला माहीत आहेत, माझी भीतीही. तो फिल्टर काढून टाकायला बळ दे, आणि रविवारी त्या भावाजवळ जाऊन बसायलाही. आमेन.