शकुन आणि शुश्रूषा

हल्लीं आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत 'लकी बांबू' या नांवाची वनस्पति कांचेच्या पात्रांत ठेवलेली आढळते. गृहप्रवेशाच्या किंवा वाढदिवसाच्या प्रसंगीं ती भेट म्हणून येते आणि तिच्यासवें घरांत भाग्य येतें, अशी समजूत असते. तिचीं पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे मंडळी चिंताक्रांत होतात. ही चिंता वनस्पतीविषयीं असते कीं स्वतःच्या भाग्याविषयीं, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ही वनस्पति बांबू नव्हेच. बांबू ही तृणाची जात. ही शतावरीच्या कुलांतील ड्रासीना. तिचें मूलस्थान आफ्रिकेंतील उष्ण अरण्यांत, मोठ्या वृक्षांच्या छायेंत आहे. हेन्री फ्रेडरिक कॉनराड सँडर (१८४७–१९२०) या ऑर्किडांच्या व्यापाऱ्यावरून तिला 'सँडेरियाना' हें शास्त्रीय नांव मिळालें. भाग्याची उपाधि तिला चिनी लोकसमजुतीनें व बाजारानें दिली. ज्याला हें ठाऊक आहे, तो तिला कडक उन्हांत ठेवणार नाहीं, पाणी वेळच्या वेळीं बदलील आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरीन व फ्लोराइड तिला बाधतात हें जाणून पावसाचें किंवा ऊर्ध्वपातित पाणी घालील. ज्याला केवळ भाग्याची काळजी, तो घाबरून खत घालतो, उन्हांत नेतो आणि दुखणें वाढवितो.

याहून कठीण प्रसंग पुढेंच आहे. पांच कांड्यांच्या जुडींतील एक पिवळी होऊन नरम पडली, तर ती तत्काळ काढली पाहिजे. नाहीं तर कुजकें पाणी उरलेल्या चारींसही नासवितें. परंतु चिनी भाषेंत चार या अंकाचा उच्चार मृत्युवाचक शब्दासारखा होतो, म्हणून चार कांड्या अशुभ मानतात. शकुन सांभाळावा तर झाड मरतें. झाड सांभाळावें तर शकुन बिघडतो.

कोणी म्हणेल, शकुनाची आशा नसती तर हें झाड घरांत आलेंच नसतें; मग श्रद्धेस दोष कां? हें म्हणणें खरें आहे. तुळशीवृंदावनास नित्य पाणी मिळतें तें श्रद्धेमुळेंच, आणि त्या योगें तुळस जगतेही. स्वार्थापासून आरंभ होणें हा सेवेचा दोष नव्हे. वृद्ध आईबापांची शुश्रूषा देखील पुष्कळदां लोकलज्जेनें सुरू होते. परंतु आपलें हित आणि सेव्याचें हित यांच्या वाटा जेथें फुटतात, तेथें आपण कोणत्या वाटेनें जातों, यावरूनच सेवेची खरी जात ओळखावी.

कुजकी कांडी काढून उरलेल्या चारींस निःशंक मनानें स्वच्छ पाण्यांत ठेवणारी गृहिणी भाग्यवान् ठरेल कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण घरांत कोणी आजारी पडलें, तर उशाशीं तीच बसलेली असावी, असें त्यास खचित वाटेल.