चौकटीतल्या बहिणी आणि आस्वादाची जबाबदारी

सुंदर व्यक्तिचित्र पाहताना त्यामागील संपत्तीचा आणि नातेसंबंधांचा विचार करणे हे आस्वादाचेच अंग आहे, की आस्वादात आणलेला व्यत्यय? कलावाद आणि जीवनवाद यांच्या आपल्याकडील वादात या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. एका प्रत्यक्ष कलाकृतीपुढे ती कितपत टिकतात, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

जॉन सिंगर सार्जंट याने १८९९ मध्ये रंगवलेले ‘द विंडहॅम सिस्टर्स’ हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लंडनमधील बेल्ग्रेव्ह स्क्वेअरच्या घरातील दिवाणखान्यात शुभ्र वस्त्रांतील तीन बहिणी बसल्या आहेत. मागच्या अंधारलेल्या भिंतीवर वॉट्सने काढलेले त्यांच्या आईचे चित्र आहे. हे चित्र काढून घेतले ते त्यांचे वडील पर्सी विंडहॅम यांनी. १९०० मध्ये ते रॉयल अकादमीत प्रदर्शित झाले, तेव्हा इंग्लंडच्या युवराजांनी त्यास ग्रीक पुराणांतील तीन सौंदर्यदेवतांची उपमा दिली.

चित्राच्या पूर्ण शीर्षकात या स्त्रिया ‘लेडी एल्को, मिसेस अ‍ॅडीन आणि मिसेस टेनंट’ आहेत. वडिलांचे आडनाव आले, पतींची नावे आली, देवतांची उपमाही आली. मेरी, मॅडेलिन आणि पामेला ही त्यांची स्वतःची नावे तेवढी आली नाहीत.

चित्राचा प्राण असलेली शुभ्रताही एकाकी नाही. पामेलाच्या पतीचे पणजोबा चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये, म्हणजे चित्राच्या बरोबर शंभर वर्षे आधी, कापड पांढरे करण्याच्या भुकटीचे पेटंट घेतले होते. ग्लासगोच्या रासायनिक कारखान्याने त्या घराण्याला वैभव दिले. या वस्त्रांचा त्या भुकटीशी संबंध होता असे मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु हे कळल्यावर तो पांढरा रंग पूर्वीइतका निरागस राहत नाही, हेही खरे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशा वाचनात सार्जंटच्या कुंचल्याचे कर्तृत्व नाहीसे होते आणि या श्रीमंत स्त्रिया केवळ बळी ठरतात. त्या बळी नव्हत्या. त्या वैभवाच्या त्या भोक्त्याही होत्या. त्यांची कीव करणे हा त्यांना पुन्हा एकदा मुके करण्याचाच प्रकार होय.

येथे नाशिकजवळच्या जलालपूरची आठवण होते. मॅडेलिनहून एकाच वर्षाने मोठ्या असलेल्या लक्ष्मीबाई टिळक तेथे १८६८ मध्ये जन्मल्या. माहेरची मनू सासरी लक्ष्मी झाली, अक्षरओळखही लग्नानंतरची. पण ‘स्मृतिचित्रे’मध्ये चित्र रेखाटणारी आणि चित्रविषय झालेली स्त्री एकच आहे, आणि ती स्वतःलाही हसू शकते. आत्मकथन म्हणजे निखळ सत्य, असा याचा अर्थ नव्हे. चितारल्या गेलेल्या व्यक्तीला उलट बोलण्याची जागा तेथे आहे, एवढाच.

सार्जंटच्या चित्रात ती जागा नाही. म्हणूनच तेथे न विचारले गेलेले प्रश्न विचारण्याचे काम पाहणाऱ्याकडे येते. सौंदर्याने सुखावणे हा अपराध नव्हे. परंतु त्या सुखाची किंमत कोणी मोजली हे विचारायचे टाळून जपलेली निरागसता ही रसिकता नव्हे.