मध्ये वेळ जातो

उंबरठ्याला अंगठा ठेचतो तेव्हा आधी कळतं आणि मग दुखतं. ठेच लागली हे लगेच समजतं; डोळ्यांत पाणी आणणारी कळ जरा मागून येते. स्पर्शाची वार्ता मायलिनचं वेष्टण असलेल्या जाड तंतूंमधून सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहूनही वेगाने धावते. रेंगाळणारी वेदना आणणारे बारीक, वेष्टण नसलेले तंतू मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर चालतात. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोचायलाच त्यांना सेकंदभर लागतो. माणूस पिढ्यान्‌पिढ्या ठेचा खात आला, तरी नसेतून संदेश जायला वेळ लागतो हे सिद्ध व्हायला 1850 साल उजाडावं लागलं. मला कुतूहल आहे ते या उशिराचं.

नसांमधून काहीतरी जातं, हे फार पूर्वीपासून माहीत होतं. दुसऱ्या शतकात गॅलेनने रोममध्ये लोकांसमोर किंचाळणाऱ्या डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसा बांधल्या. डुक्कर धडपडत राहिलं, आवाज तेवढा बंद झाला. जातं ते काय, तर मेंदूतलं एक सूक्ष्म चैतन्य, असं त्याचं उत्तर होतं. सतराव्या शतकात देकार्तही नसांना पोकळ नळ्याच समजत होता; तेच चैतन्य त्यांतून वाहत येऊन स्नायू फुगवतं, असं त्याचं म्हणणं. हॉलंडच्या यान स्वामरडॅमने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला आणि नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा थेंब ठेवला. स्नायू आकसला, पण थेंब वर चढला नाही. म्हणजे बाहेरून आत काही भरलंच नव्हतं. या एका थेंबाने जुनी कल्पना बुडवली असं लिहायला मजा आली असती. पण स्वामरडॅमचं लेखन छापून यायलाच त्याच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटलं.

मग 1791 मध्ये बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या तंगड्या विजेने उडतात हे प्रसिद्ध केलं, आणि त्या वाहत्या चैतन्याची जागा विजेने घेतली. वीज म्हटली की लखकन, डोळ्याचं पातं लवायच्या आत. बर्लिनचे योहानेस म्युलर हे त्या काळचे सर्वांत मोठे शरीरशास्त्रज्ञ. हा वेग मोजण्याची साधनं बहुधा आपल्या हाती कधीच येणार नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलं.

ते खोटं ठरवलं त्यांच्याच विद्यार्थ्याने. हेर्मान हेल्महोल्ट्झने क्योनिग्सबर्गमध्ये बेडकाच्या पायाचा स्नायू नसेसकट काढून घेतला. नसेला विजेचा झटका एकदा स्नायूच्या अगदी जवळ द्यायचा, एकदा काही सेंटिमीटर लांब. झटका देताक्षणी विद्युतमापकाच्या मंडलात प्रवाह सुरू व्हायचा आणि स्नायू आकसला की त्या हालचालीनेच मंडल तुटायचं. तेवढ्या वेळात सुई किती हलली, यावरून वेळ काढायचा. नोंदी घ्यायला पत्नी ओल्गा मदतीला असे. लांबून दिलेल्या झटक्याला सेकंदाचे एक-दोन हजारांश जास्त लागत होते. हिशेब निघाला सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. आवाजसुद्धा याच्या बारापट पळतो! आणि नस गार केली की वेग आणखी घटतो.

मला या आकड्याहून जास्त अर्थपूर्ण वाटते ती हेल्महोल्ट्झच्या वडिलांची प्रतिक्रिया. पॉट्सडॅममधल्या या शिक्षकाला निष्कर्ष चमत्कारिक वाटला. विचार आणि शरीरातली त्याची हालचाल एकाच वेळी घडतात, एकामागून एक नव्हे, अशी त्यांची धारणा होती. खरी अडचण तिथेच होती. मी हात उचलतो तेव्हा ‘मी’ आणि ‘हात’ यांच्यामध्ये काही नसतं, असंच आपल्याला आतून वाटतं. मध्ये वेळ आहे असं म्हटलं की मध्ये अंतरही आलं, आणि ‘मी’पणाला ते सोसत नाही.

पुढे तर रस्ताही सलग नाही असं निघालं. कॅमिल्लो गॉल्जीने 1873 मध्ये रौप्याच्या क्षारांनी चेतापेशी काळ्या करण्याची रीत शोधली. तिची गंमत अशी की शेकडो पेशींतल्या मोजक्याच रंगतात, म्हणून त्या शेंड्यापासून मुळापर्यंत स्पष्ट दिसतात. सगळ्या रंगल्या असत्या तर काळ्या डागापलीकडे काही दिसलं नसतं. याच रीतीने स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालला 1888 मध्ये दिसलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. गॉल्जीला मात्र अखेरपर्यंत एकच अखंड जाळं दिसत राहिलं. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गॉल्जीने नोबेल-व्याख्यानातच काहालच्या सिद्धांतावर टीका केली. पेशींमधली ती फट सुमारे वीस नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतकी. ती डोळ्यांना दिसली थेट 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

ही फट संदेश ओलांडतो कसा, हे ऑटो लोवीने 1921 मध्ये ग्राझमध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस नस चेतवली, ते मंदावलं. त्याच्यातलं द्रावण दुसऱ्याला दिलं, तेही मंदावलं. विजेचा संदेश फटीपाशी रसायन होतो. हे रसायन ॲसिटिलकोलीन निघालं. काही सांधे थेट विजेचेही असतात. खेकड्याच्या कुळातल्या क्रेफिशमध्ये, जिवावर बेतल्यावर शेपटी झटकून पळताना वापरला जाणारा असा सांधा 1959 मध्ये दाखवला गेला. आपल्या शरीरात बहुतेक ठिकाणी मात्र फटच आहे, आणि ती नुसता खोळंबा नव्हे. कण्यातल्या एका चालक पेशीवर हजारो टोकं टेकलेली असतात. काही ‘हो’ म्हणतात, काही ‘नको’. त्या बेरीज-वजाबाकीला जागा मिळते ती या फटींमुळेच.

काही कीटकनाशकांची विषबाधाही या फटीतच होते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेटंही होती. आपलं काम झालेलं ॲसिटिलकोलीन फोडून टाकणारं एक विकर फटीत असतं. ही औषधं त्यालाच जखडून टाकतात. निरोप पोचतो, पण पुसला जात नाही. तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी दाटतं, स्नायू थरथरून लुळे पडतात. यावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात. लोवीच्या हृदयांवरही ॲट्रोपिन घातलं की त्या द्रावणाचा असर होत नसे. ॲट्रोपिन ॲसिटिलकोलीनची बसायची जागाच अडवतं. स्नायूंवरच्या जागा मात्र त्याला दाद देत नाहीत, म्हणून श्वास थकलेल्या रोग्याला व्हेंटिलेटर लागतो. ॲट्रोपिनची ठरीव मात्रा नसते. छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा देत राहतात.